बर्लिनमध्ये स्वस्त हॉस्टेल निवडताना: दोघी जणी, पाच रात्री, माणशी ३५ युरो

प्रश्न थोडक्यात असा: दोन मैत्रिणी सप्टेंबरमध्ये पहिल्यांदाच बर्लिनला चालल्या आहेत. मुक्काम पाच रात्रींचा, आणि राहण्यावर माणशी रात्रीला ३५ युरोंच्या वर खर्च करायचा नाही. बुकिंगची साइट उघडली की हॉस्टेलांची भलीमोठी यादी येते आणि बहुतेकांचे गुण आठ-साडेआठच्या आसपास दिसतात. मग निवडायचं कशावरून?

३५ युरोंत बर्लिनमध्ये नीटनेटकं हॉस्टेल मिळतं. मात्र तारखा चुकल्या तर त्याच पैशांत कोंदट खोलीतला बाराव्या माणसाचा बेड मिळतो. म्हणून हॉस्टेल शोधण्याआधी तारखा बघा. सप्टेंबरच्या सुरुवातीला इफा हे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं प्रचंड प्रदर्शन असतं. उत्तरार्धातल्या एका रविवारी बर्लिन मॅरेथॉन असते आणि त्या शनिवार-रविवारी शहरात बेड मिळणं मुश्कील होतं. सम वर्षी याच महिन्यात रेल्वे उद्योगाचं इनोट्रान्स हे प्रदर्शनही भरतं. ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी, त्यामुळे महिन्याच्या शेवटालाही भाव चढलेले. राहता राहिला इफा संपल्यानंतरचा, महिन्याच्या मधला आठवडा. त्यातही रविवारी पोहोचून शुक्रवारी निघालात तर उत्तम. सहा-आठ बेडच्या खोलीत जो बेड मंगळवारी २२ ते ३० युरोंना मिळतो, तोच शनिवारी दीडपट होतो, कधी दुप्पटही. एकट्या शनिवारच्या रात्रीमुळे पाच रात्रींची सरासरी बिघडते.

सप्टेंबरची आणखी एक गोष्ट भाड्यात दिसत नाही: शाळेच्या सहली. यूथ हॉस्टेल ही कल्पनाच रिशर्ड शिरमान नावाच्या एका जर्मन शिक्षकाची. १९०९ साली सहलीवर नेलेल्या मुलांना रात्री कुठे झोपवायचं या अडचणीतून ती निघाली आणि १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमस्वरूपी वसतिगृह सुरू झालं. आजही जर्मनीतले शालेय वर्ग राजधानी बघायला येतात ते वसंतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि उतरतात ते चारशे-पाचशे बेडच्या मोठ्या साखळी हॉस्टेलांत. पंधरा-सोळा वर्षांची साठ मुलं एका मजल्यावर असली की रात्री एकपर्यंत दारं आपटतात, आणि सकाळी आठला न्याहारीच्या रांगेत तुमचा पंचविसावा नंबर लागतो. हॉस्टेल वाईट असतं असं नाही. ईमेल करून ‘आमच्या तारखांना शाळेचे गट आहेत का, असतील तर आम्हाला वेगळ्या मजल्यावर खोली द्याल का’ एवढं विचारा. चांगली हॉस्टेलं स्पष्ट उत्तर देतात. उत्तरच आलं नाही, तर तेही उत्तर समजावं.

आता जागा. ‘शहराच्या मध्यापासून ३ किलोमीटर’ ही ओळ बर्लिनपुरती सरळ दुर्लक्ष करण्यासारखी. शहर १९९० पर्यंत दुभंगलेलं होतं, त्यामुळे इथे मध्यवर्ती भाग दोन: पूर्वेला आलेक्झांडरप्लाट्झ आणि मिटे, पश्चिमेला झू स्टेशनचा परिसर. साइट अंतर मोजते ते कुठल्या तरी एका ठिपक्यापासून. त्याऐवजी तीन गोष्टी नकाशावर तपासा. हॉस्टेल एस-बानच्या (लोकल रेल्वेच्या) रिंगच्या आत किंवा रिंगला लागून आहे का? ही सुमारे ३७ किलोमीटरची वर्तुळाकार लोकल आहे. एस४१ आणि एस४२ या दोन गाड्या तासाभरात फेरी पूर्ण करतात आणि आतला सगळा भाग तिकिटाच्या ‘ए’ विभागात येतो. दुसरं, दारापासून यू-बान (मेट्रो) किंवा एस-बानचं स्टेशन चालत सात-आठ मिनिटांच्या आत आहे का? तिसरं, रात्री एकला तिथे कसं पोहोचणार? शुक्रवारी आणि शनिवारी यू-बान रात्रभर चालते, इतर दिवशी मध्यरात्रीनंतर बंद होऊन पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होते. मधल्या वेळेत रात्रीच्या बस असतात. रविवार ते शुक्रवार राहायचं ठरवलं, तर बसथांबा कुठे आहे हे आधीच पाहून ठेवा.

वस्त्यांचं म्हणाल, तर पहिल्या खेपेला मिटे किंवा त्याला लागून असलेला प्रेंझलाउअर बेर्गचा दक्षिण भाग निवडा: रोझेनथालर प्लाट्झपासून झेनेफेल्डरप्लाट्झपर्यंतचा पट्टा. यू८ आणि यू२ हाताशी, ट्राम दारात, रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर माणसं, आणि म्युझियम बेट चालत पंधरा-वीस मिनिटांवर. भाडं दोन-चार युरो जास्त पडतं, पण वसूल होतं. आलेक्झांडरप्लाट्झ सोयीला अजोड: यू२, यू५, यू८ आणि एस-बानच्या चार गाड्या. पण चौक भकास आहे आणि गर्दीत खिसेकापू असतात. हाउप्टबानहोफ, म्हणजे मुख्य रेल्वे स्टेशनजवळची नवी हॉस्टेलं स्वच्छ, पण संध्याकाळी आजूबाजूला फारसं काही नसतं. पहाटेची प्रागची गाडी पकडायची असेल तर तिथे एक रात्र काढावी, पाच नकोत.

फ्रीडरिशहाइनमध्ये वारशाउअर श्ट्रासे स्टेशनच्या आसपास यादीतले सगळ्यांत स्वस्त बेड सापडतात. बर्लिनच्या भिंतीचा उरलेला चित्रांचा पट्टा, ईस्ट साइड गॅलरी, तिथून पाच-सात मिनिटांवर. पण हा क्लबांचा भाग आहे. नाचायला जाणार असाल तर याहून चांगली जागा नाही. सकाळी आठला बाहेर पडायचं असेल तर इथे झोपेचं खोबरं होणार हे धरून चाला. क्रॉइझबेर्गमध्ये कोटबुसर टोर आणि गर्लित्सर पार्कच्या अगदी शेजारचं हॉस्टेल टाळलेलं बरं. दिवसा तिथे फिरायला काही हरकत नाही, पण रात्री एकटीने परतताना अमली पदार्थ विकणाऱ्यांच्या घोळक्यातून वाट काढणं कुणाला आवडेल? शार्लोटेनबुर्ग आणि झू स्टेशनचा भाग तरुणांच्या यादीत क्वचितच असतो, म्हणूनच तिथे कधी कधी चांगला सौदा मिळतो. वस्ती शांत आहे, आणि १०० नंबरची साधी बस तिथून संसद आणि ब्रांडेनबुर्ग गेटजवळून थेट आलेक्झांडरप्लाट्झला जाते.

वस्ती ठरली की इमारत बघा. बर्लिनच्या जुन्या इमारती एकामागे एक चौक (आतली मोकळी अंगणं) घेऊन बांधलेल्या असतात. पुढची बाजू रस्त्यावर, मागच्या खोल्या आतल्या चौकाकडे. एकाच हॉस्टेलात रस्त्याकडच्या खोलीत ट्रामचा खडखडाट आणि चौकाकडच्या खोलीत शांतता, असं सर्रास असतं. यू१ आणि यू२ काही टप्प्यांत पुलावरून, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर धावतात. एबर्सवाल्डर श्ट्रासे किंवा श्लेझिशेस टोरजवळचं हॉस्टेल घेतलंत तर चौकाकडचीच खोली मागा. एसी बहुतेक ठिकाणी नसतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला तीस अंशांचे दिवस येऊ शकतात. अशा वेळी रस्त्याकडची खिडकी उघडावी तर आवाज, मिटावी तर घुसमट. लिफ्टही गृहीत धरू नका; चौथ्या मजल्यावर २३ किलोची बॅग चढवताना ते कळून काही उपयोग नसतो.

आता पैसे. साइटवर दिसणारा आकडा आणि शेवटी देणार तो आकडा यांत फरक पडतो तो लहानलहान जादा आकारांनी. बर्लिनमध्ये राहण्याच्या भाड्यावर शहराचा कर आहे. १ जानेवारी २०२५ पासून तो ७.५ टक्के झाला. काही साइट तो धरून भाव दाखवतात, काही काउंटरवर घेतात. चादर-उशी काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी मुक्कामाचे चार-पाच युरो, आणि स्वतःची चादर किंवा स्लीपिंग बॅग वापरायला बहुतेक हॉस्टेलं परवानगी देत नाहीत. टॉवेलचे तीन युरो. प्रत्यक्ष मांडून बघू. पहिलं हॉस्टेल २४ युरोंचं: पाच रात्रींचे १२०, कर ९, चादर ४, टॉवेल ३, असे १३६. तिथे स्वयंपाकघर नाही, म्हणून त्यांचीच न्याहारी घेतलीत, रोजचे ९ प्रमाणे ४५, एकूण १८१. दुसरं २८ युरोंचं: १४०, कर धरलेला, चादर धरलेली, टॉवेल घरून आणलेला, आणि स्वयंपाकघर असल्यामुळे पाव, दही, फळं सुपरमार्केटमधून आणून पाच सकाळींचे फार तर १५. एकूण १५५. यादीत चार युरोंनी महाग दिसणारं हॉस्टेल प्रत्यक्षात २६ युरोंनी स्वस्त पडलं. भावानुसार क्रम लावण्याच्या बटणावर म्हणूनच विसंबू नये.

तुम्ही दोघी आहात, तेव्हा आणखी एक हिशेब करा. दोघींचे मिळून रात्रीचे ७० युरो होतात. हॉस्टेलांतल्याच दोन बेडच्या स्वतंत्र खोल्या आठवड्याच्या मधल्या दिवसांत ७० ते ९० च्या दरम्यान मिळतात. कर धरून ७५ पर्यंत मिळाली तर ठरवलेल्या मर्यादेच्या किंचित वर जाऊनही बिनदिक्कत घ्या: चादर-टॉवेलचे जादा पैसे बहुधा वाचतात आणि आपल्या वेळेला दिवा मालवता येतो. ते जमलं नाही तर चार बेडच्या, फक्त महिलांच्या खोलीतले दोन बेड घ्या. अनोळखी माणसं मग दोनच. अशा खोल्या मोजक्याच असतात, म्हणून आधी संपतात. जर्मन यूथ हॉस्टेल संघटनेची हॉस्टेलंही बघा. ओस्टक्रॉइझचं त्यातलं एक अगदी रिंगवर आहे. त्यांच्या भाड्यात चादर आणि न्याहारी धरलेली असते. सदस्यत्व मात्र लागतं, आणि यूथ हॉस्टेल हीच शालेय सहलींची हक्काची जागा, हेही विसरू नका.

सामायिक खोलीचे फोटो बघताना गोष्टी शोधायच्या त्या अशा. प्रत्येक बेडला पडदा, स्वतःचा दिवा आणि स्वतःचा सॉकेट आहे का? आठ बेड आणि दारापाशी दोनच सॉकेट असतील तर रात्री मोबाइल जमिनीवर ठेवून झोपावं लागतं. बंक लोखंडी, पातळ नळ्यांचा असेल तर वरचा माणूस कुशीवर वळला की खालचा जागा होतो. लाकडी किंवा भिंतीत बसवलेला चांगला. तीन मजली बंक दिसला तर ते हॉस्टेल सोडून द्या. ‘खोलीला जोडून बाथरूम’ ऐकायला छान, पण आठ जणींत एकच संडास आणि त्याच खोलीत शॉवर असेल, तर सकाळी साडेसातला आत गेलेली बाई बाहेर येईपर्यंत सगळ्या खोळंबतात. त्यापेक्षा पॅसेजमधली, शॉवर आणि संडास वेगळे असलेली सोय बरी. फोटोंत बार आणि लॉबीच दिसत असेल आणि बाथरूम कुठेच नसेल, तर कारण असतं. (पाण्याचा जेट कुठेच नसतो. एक रिकामी बाटली बाथरूमच्या पिशवीत असू द्या.)

लॉकरवर दोन वाक्यं जास्त. बरीच हॉस्टेलं लॉकर देतात, कुलूप देत नाहीत. काउंटरवर तेच कुलूप पाच युरोंना विकतात. घरून न्या, पण सूटकेसच्या चेनला लावायचं चिमुकलं नको, कडी लांब असलेलं मध्यम आकाराचं. जाड कडी कधी कधी लॉकरच्या भोकात जात नाही, म्हणून कडी ५-६ मिलिमीटर जाडीची असावी. लॉकरमध्ये ४० लिटरची सॅक मावते, २८ इंची सूटकेस मावत नाही. मोठी बॅग नेणार असाल तर पलंगाखाली जाळीचा खण आहे का ते विचारा. चार्जरचंही बघून घ्या. जर्मन सॉकेट गोल आणि खोलगट असतो. आपली बारीक दोन पिनांची पिन त्यात बसते, तीन पिनांची बसत नाही. चौकोनी ठोकळ्यासारखे युनिव्हर्सल अडॅप्टर खोलगट भागात टेकत नाहीत आणि निसटून पडतात. म्हणून गोल तोंडाचा अडॅप्टर घ्या.

गुण कसे वाचायचे? एकूण आकडा बाजूला ठेवा. हॉस्टेलवर्ल्ड या बुकिंग साइटवर स्वच्छता, सुरक्षितता, जागा, कर्मचारी, वातावरण, सोयी आणि पैशाचा मोबदला असे सात वेगळे गुण दिसतात. स्वच्छता आणि सुरक्षितता दोन्ही नऊच्या आसपास असतील तर पुढे वाचा. वातावरण साडेनऊ आणि स्वच्छता आठच्या खाली, याचा अर्थ खाली बार जोरात चालतो आणि वर झाडू हळू चालतो. मग गेल्या तीन महिन्यांतले सगळ्यांत वाईट अभिप्राय वाचा, आणि गेल्या वर्षीच्या सप्टेंबरमधलेही. एकाने ‘रिसेप्शनवरचा माणूस उद्धट’ म्हटलं तर सोडून द्या. तीन वेगवेगळ्या लोकांनी ‘खोलीत ओलसर वास’ किंवा ‘समोर बांधकाम’ म्हटलं तर विश्वास ठेवा. ढेकणांचा उल्लेख स्वतंत्रपणे शोधा. गेल्या काही महिन्यांत दोनदा आला असेल तर भाडं कितीही कमी असो, नको. पाच वर्षांपूर्वीचा एखादा उल्लेख मात्र फार मनावर घेऊ नका. ज्या हॉस्टेलात रोज शंभर बॅगा येतात तिथे ढेकूण कधीतरी येणारच, प्रश्न त्यांनी पुढे काय केलं हा असतो.

बुकिंग व्हिसाशी बांधलेलं आहे. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस करता येतो आणि त्याला राहण्याचा पुरावा जोडावा लागतो. पुराव्यात दोघींचीही नावं पासपोर्टवर आहेत तशीच हवीत. एकीच्या नावावर ‘दोन पाहुणे’ असं बुकिंग असेल तर दुसरीचं नाव ईमेल करून घालून घ्या आणि नवं पत्र मागवा. रद्द केल्यास पूर्ण पैसे परत मिळतील असाच दर घ्या, आणि रद्द करायची शेवटची तारीख व्हिसा हातात पडण्याच्या अपेक्षित तारखेनंतरची असू द्या. काही साइट आगाऊ घेतलेली रक्कम ‘मोफत रद्द’ असूनही परत करत नाहीत, वेगळे पैसे दिले तरच देतात. तो बारीक मजकूर वाचा. वयाची अटही तिथेच असते. सामायिक खोलीत १८ च्या खाली सहसा प्रवेश नसतो आणि काही हॉस्टेलं ३५ किंवा ४० च्या वरच्यांनाही घेत नाहीत.

रिसेप्शन चोवीस तास आहे का, हे विमानाच्या वेळेशी ताडून बघा. लहान हॉस्टेलं रात्री दहा-अकराला काउंटर बंद करतात आणि दाराचा कोड ईमेलने पाठवतात. मुंबईहून फ्रँकफर्ट, दोहा किंवा इस्तंबूलला विमान बदलून येताना उशीर झाला, मोबाइलला नेट नसलं, तर तो कोड कुठून वाचणार? विमानतळ तिकिटाच्या ‘सी’ विभागात आहे, म्हणजे शहरात यायला ‘एबीसी’ तिकीट लागतं. कागदी तिकीट असेल तर ते यंत्रात छापून घ्या. न छापलेल्या तिकिटाला दंड ६० युरो. हॉस्टेलात पासपोर्ट दाखवून नोंदणीचा कागद भरावा लागेल. जर्मन नागरिकांसाठी ती पद्धत २०२५ च्या सुरुवातीला बंद झाली, परदेशी पाहुण्यांसाठी चालू आहे. किल्लीसाठी अनामत मागितली तर रोख द्या, कारण प्रीपेड फॉरेक्स कार्डावर रक्कम अडवून ठेवायला काही ठिकाणी नकार मिळतो.

खोलीत शिरल्यावर बॅग बेडवर टाकू नका. आधी मोबाइलच्या उजेडात गादीच्या चारही कडांची शिवण उलगडून बघा, मग उशाकडच्या फळीच्या फटी. शाईचा ठिपका पडावा तसे काळे डाग, पातळ तपकिरी कात किंवा चादरीवर रक्ताचे बारीक ठसे दिसले तर फोटो काढून लगेच खाली जा आणि दुसरी खोली मागा. शेजारची नको, वेगळ्या मजल्यावरची. चादर बहुतेक ठिकाणी आपणच घालायची असते आणि निघताना काढून टोपलीत टाकायची.

स्वयंपाकघर असलेलं हॉस्टेल घेतलंत तर फोडणीचं जरा जपून. छताला धूर ओळखणारं यंत्र असतं, मोहरी-मिरचीच्या धुराने ते सहज वाजतं, आणि अग्निशमन दल विनाकारण आलं तर त्याचं बिल पाहुण्यावर लावायचा नियम बऱ्याच हॉस्टेलांत आहे. एक्झॉस्ट लावा, तेल कमी तापवा किंवा सरळ पोहे भिजवून दह्यात कालवा. शेगडी इंडक्शनची असेल तर घरचं अॅल्युमिनियमचं पातेलं तापणार नाही. फ्रिजमध्ये ठेवलेल्या प्रत्येक डब्यावर नाव आणि जायची तारीख लिहा, नाहीतर साफसफाईच्या दिवशी तो कचऱ्यात जातो. तुम्ही रविवारी पोहोचणार असाल तर सुपरमार्केटं बंद असतात; हाउप्टबानहोफ, ओस्टबानहोफ किंवा फ्रीडरिश श्ट्रासे स्टेशनातली उघडी असतात, तिथूनच दूध-पाव घेऊन जा. बहुतेक प्लॅस्टिकच्या बाटल्यांमागे २५ सेंट अनामत असते, ती सुपरमार्केटच्या यंत्रात बाटली टाकून परत मिळते. नळाचं पाणी थेट पिण्यासारखं आहे, त्यामुळे पाण्याच्या बाटल्या विकत घ्यायची तशी गरज नाही.

शेवटच्या दिवशी खोली दहा-अकराला सोडावी लागेल आणि गाडी किंवा विमान संध्याकाळचं असेल. सामान ठेवायची खोली सगळीकडे असते, पण ती कुलूपबंद आहे की नुसतीच उघडी फडताळं, हे बुकिंगच्या वेळच्या ईमेलमध्येच विचारून घ्या. उघडी असेल तर पासपोर्ट आणि लॅपटॉप अंगावर ठेवा, किंवा त्या दिवसापुरतं हाउप्टबानहोफमधलं लॉकर घ्या. ती लॉकर दुपारपर्यंत भरून जातात, तेव्हा सकाळीच तिकडे जा.